वाचकांचे प्रश्न : रात्री दोन वाजताचा परिसर

शहरातील कोणता भाग राहायला चांगला, या एकाच विषयावर अलीकडे इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची आणि त्यांच्या शहरांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघेही तिशीतले आहोत आणि नोकरीनिमित्त नव्या शहरात जात आहोत. भाड्याच्या घरासाठी दोन परिसर निवडले आहेत. पहिला जुन्या बाजारपेठेलगतचा असून तिथे उपाहारगृहे, संगीताचे कार्यक्रम होणाऱ्या जागा, नाट्यगृह आणि रात्री उशिरापर्यंत उघडी राहणारी दुकाने आहेत. तो आम्ही एका शनिवारी संध्याकाळी पाहिला. दुसरा शांत आणि झाडांनी भरलेला आहे. तो दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी पाहिला. पत्नीला पहिला आवडला, मला दुसरा. या दोहोंची तुलना नेमकी कशी करावी?

उत्तर : आपल्या मतभेदाचे निम्मे कारण आपल्याच पत्रात आहे. आपण दोन्ही परिसर त्यांच्या सर्वांत देखण्या वेळी पाहिलेत. शनिवारची संध्याकाळ ही बाजारपेठेची सर्वांत चांगली वेळ असते आणि रविवारची सकाळ ही झाडांच्या रस्त्याची. माझी पहिली विनंती अशी की, या वेळा बदलून दोन्ही परिसर पुन्हा पाहावेत. पहिला परिसर मंगळवारी सकाळी सात वाजता आणि शुक्रवारी रात्री दोन वाजता पाहा; दुसरा मंगळवारी रात्री साडेनऊ वाजता, कामावरून थकून परत आल्यासारखे चालत जाऊन पाहा. रात्री दोन वाजता पाहणी करायला जाणे विचित्र वाटेल, परंतु ज्या घरात पुढची काही वर्षे झोपायचे आहे, त्याची झोपेची वेळ न पाहता करारावर सही करणे त्याहून विचित्र आहे.

दुसरी गोष्ट अशी की, 'परिसर' हे तुलनेचे एकक फार मोठे आहे. माणूस परिसरात राहत नाही, एका गल्लीतील एका इमारतीत, रस्त्याकडे किंवा मागच्या अंगाकडे उघडणाऱ्या एका खिडकीमागे राहतो. एकाच परिसरातील दोन घरांच्या रात्री किती वेगळ्या असू शकतात, हे आवाजाच्या गणितावरून कळते. डेसिबल हे माप सरळ रेषेत वाढत नाही. दहा डेसिबलची वाढ म्हणजे दहापट ध्वनिऊर्जा, आणि कानाला तो आवाज साधारण दुप्पट मोठा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये युरोपासाठी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत घराबाहेरील रात्रीच्या आवाजाची वार्षिक सरासरी ४० डेसिबलपेक्षा जास्त नसावी असे सुचवले आहे, तर १९९९ च्या सूचनांत झोपण्याच्या खोलीतील अखंड आवाजासाठी ३० डेसिबल आणि अधूनमधून येणाऱ्या एकेका आवाजासाठी ४५ डेसिबल ही मर्यादा दिली आहे. हे आकडे कडक आहेत आणि दाट वस्तीच्या शहरांत ते सहसा पाळले जात नाहीत, पण तुलनेसाठी ते उत्तम मोजपट्टी ठरतात. मोकळ्या जागेत एखाद्या लहान उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे सहा डेसिबलने कमी होतो, आणि मध्ये इमारतींची एक रांग आली तर तो याहून बराच अधिक घटतो. गजबजलेल्या रस्त्यावरचे घर आणि त्याच रस्त्याच्या मागच्या दुसऱ्या-तिसऱ्या गल्लीतील घर यांच्या रात्री म्हणूनच अगदी वेगळ्या असतात, आणि चालण्याचा फरक मात्र केवळ चार मिनिटांचा असतो.

मोबाइलवरील आवाज मोजणारी अॅप अचूक नसतात, परंतु एकाच मोबाइलने दोन ठिकाणी केलेली नोंद आपसांत तुलना करण्यापुरती पुरेशी असते. नोंद घेताना संगीताकडे कान लावून बसू नका. झोप मोडणारे आवाज बहुधा संगीत संपल्यानंतरचे असतात: दारात उभे राहून निरोप घेणारे घोळके, वाहने सुरू होण्याचे आवाज, रिकाम्या बाटल्या पेटीत ओतल्या जाण्याचा खळखळाट आणि पहाटे माल उतरवणाऱ्या गाड्या. उपाहारगृहाच्या मागच्या बाजूला असलेले घर 'आतल्या अंगाचे, शांत' म्हणून दाखवले जाते, पण कचरा, धूर काढणारे पंखे आणि मालाची गाडी हे सगळे त्याच अंगाला असते. मी स्वतः अशा एका घरात दोन वर्षे राहिले आहे. रस्त्याची गर्दी मला कधी जाणवली नाही. स्वयंपाकघराच्या पंख्याची घरघर मात्र आजही आठवते.

आता खाण्यापिण्याविषयी. उपाहारगृहांची संख्या मोजून काही हाती लागत नाही. ती एकमेकांना चिकटून का उभी राहतात, याचे एक उत्तर अर्थशास्त्रज्ञ हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या विचारात सापडते: गिऱ्हाइकांच्या मध्याशी राहण्याच्या प्रयत्नात प्रतिस्पर्धी विक्रेते एकमेकांच्या जवळ सरकत जातात. परिणामी एका रस्त्यावर चाळीस उपाहारगृहे असतात आणि ती सगळी बाहेरून येणाऱ्या एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकासाठी, त्याच चार तासांसाठी आणि एकाच दरात चालतात. रहिवाशाच्या उपयोगाची उपाहारगृहे निराळी असतात. सोमवारी तिथे जागा मिळते, एकट्या माणसाला संकोच वाटत नाही, आणि महिन्यातून आठ वेळा गेल्यास खर्च झेपतो. आपल्या पहिल्या परिसरात अशी तीन ठिकाणे सापडली तर ती उरलेल्या सदतीसांपेक्षा मोलाची आहेत. सोमवारी रात्री आठ वाजता तिथे कोण बसलेले असते, हे जरूर पाहा.

याच रस्त्यावर किराणा, औषधे, चपला-छत्र्यांची दुरुस्ती, कपड्यांना इस्त्री असे साधे व्यवसाय टिकून आहेत का, हेही तपासावे. जेन जेकब्स या अभ्यासकाने १९६१ मध्येच दाखवून दिले होते की, एखादा रस्ता विविध व्यवसायांमुळे लोकप्रिय होतो, लोकप्रियतेमुळे भाडी वाढतात, आणि ती परवडणारा एकच किफायतशीर व्यवसाय उरलेल्यांना हुसकावून लावतो. ही प्रक्रिया सुरू झालेल्या परिसरात आपण आज जे पाहून घर घ्याल ते तीन वर्षांनी तिथे असेलच असे नाही. बंद झालेल्या दुकानांच्या जागी सलग काय उघडले, याची चौकशी जुन्या दुकानदाराकडे केली की पुरेशी कल्पना येते.

शांत परिसराची किंमतही मोजायला हवी. ती भाड्यात दिसत नाही. ती प्रवासात, आणि टाळल्या गेलेल्या संध्याकाळींमध्ये दिसते. आलॉइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय या स्वित्झर्लंडमधील अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतील कुटुंबांच्या माहितीवरून असे दाखवले की, ज्यांचा कामाचा प्रवास लांब असतो ते आयुष्याविषयी कमी समाधानी असतात. स्वस्त किंवा मोठे घर त्या वेळेची पुरती भरपाई करत नाही. नाटक किंवा मैफल संपल्यावर परतण्याचे साधन नसेल तर माणूस आधी मध्यंतरात उठू लागतो, आणि मग जाणेच सोडतो. आपल्या पत्नीला पहिला परिसर का आवडला, याचा विचार या अंगाने करून पाहा. मागच्या तीन महिन्यांत दोघे मिळून किती संध्याकाळी बाहेर गेलात, हे पंचांग समोर ठेवून मोजा. काय आवडते यावर वाद घालू नका. आठवड्याला तीन संध्याकाळी निघत असतील तर बाजारपेठेच्या मागची तिसरी गल्ली शोधा, कारण माझ्या मते आपल्या दोघांचे घर तिथेच आहे. महिन्याला दोनच निघत असतील तर झाडांचा रस्ता घ्या आणि त्या दोन रात्री परतीच्या भाड्याच्या गाडीवर खर्च करा.

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी दुसऱ्या शहरात एकटी राहणार आहे. तिने निवडलेला भाग रात्री उशिरापर्यंत जागा असतो. गुन्ह्यांच्या नकाशात तो भाग सर्वांत गडद रंगात दाखवला आहे. ती म्हणते की तिथे रात्री सुरक्षित वाटते. मी नकाशावर विश्वास ठेवू की मुलीवर?

उत्तर : ताई, आपली काळजी योग्य आहे, पण नकाशा कसा तयार होतो ते आधी पाहू या. गुन्ह्यांचे प्रमाण सामान्यतः तिथल्या रहिवाशांच्या संख्येने भागून काढतात. रात्रजीवनाच्या भागात राहणारे थोडे आणि येणारे पुष्कळ असतात. पाच हजार रहिवाशांच्या भागात एका रात्रीत तीस हजार माणसे येऊन गेली, तर त्यांच्या बाबतीत घडलेली पाकीटमारी आणि त्यांची भांडणे त्या पाच हजारांच्या खात्यावर मांडली जातात. असा भाग नकाशावर गडद दिसणारच. त्यामुळे एकूण आकडा बाजूला ठेवून गुन्ह्यांचे प्रकार पाहा. गर्दीतील मोबाइलचोरी आणि मद्यपींची हाणामारी ही एक गोष्ट झाली. घरफोडी, पाठलाग आणि रहिवाशांवरील हल्ले ही दुसरी.

नकाशाचा रंग अख्ख्या भागाला एकसारखा फासलेला असतो, हा त्याचा दुसरा दोष. अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरात लॉरेन्स शेर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोलिसांना आलेल्या दूरध्वनींचा अभ्यास करून १९८९ मध्ये दाखवले की, सुमारे तीन टक्के पत्त्यांवरून निम्मे दूरध्वनी येत होते. बदनाम म्हटल्या जाणाऱ्या भागातही बहुसंख्य पत्ते शांत होते. म्हणून चौकशी त्या भागाची करण्यापेक्षा त्या रस्त्याची आणि त्या वळणाची करावी.

मुलीला सुरक्षित वाटते, यालाही आधार आहे. वर उल्लेख केलेल्या जेन जेकब्स न्यूयॉर्कमध्ये एका मद्यगृहाजवळ राहत असत, आणि तिथल्या येण्याजाण्यामुळे आपला रस्ता पहाटे तीनपर्यंत जागता आणि घरी परतायला सुरक्षित राहतो असे त्यांनी नोंदवले आहे. रस्त्यावर लक्ष ठेवणारे डोळे असतील तर रस्ता सुरक्षित राहतो, हा त्यांचा मुद्दा नगररचनेत आजही मानला जातो. मात्र त्यात एक अट आहे, आणि ती बरेचदा विसरली जाते. हे डोळे वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या वेळी बाहेर पडलेल्या माणसांचे असावे लागतात. ज्या रस्त्यावर केवळ मद्यगृहे आहेत आणि ती सगळी एकाच ठोक्याला बंद होतात, तिथे अकरा वाजता भरपूर डोळे असतात, बंद होण्याच्या वेळी धक्काबुक्की असते आणि त्यानंतर अर्ध्या तासात कोणीच नसते. ज्या रस्त्यावर औषधांचे दुकान, वाचनालय, राहती घरे, लहान उपाहारगृहे आणि एखादे रुग्णालय अशी सरमिसळ आहे, तिथे गर्दी कमी असली तरी ती कधी एकदम संपत नाही. मुलीची गल्ली यांपैकी कोणत्या प्रकारची आहे, हे तिला विचारा.

शेवटच्या थांब्यापासून घराच्या दारापर्यंतची वाट हा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मोठमोठ्या शहरांतही रात्रीची वाहतूक अपुरी असते. लंडनच्या भुयारी रेल्वेने रात्रभर गाड्या सुरू केल्या त्या ऑगस्ट २०१६ मध्ये, त्याही आरंभी दोन मार्गांवर आणि फक्त शुक्रवार-शनिवारी. तेव्हा शेवटची बस किंवा गाडी किती वाजता आहे, ती चुकल्यास काय, वाटेवर दिवे सलग आहेत का, लांबलचक कुंपणभिंत किंवा बंद गाळ्यांची रांग लागते का, आणि इमारतीचे दार रस्त्यावर उघडते की आतल्या अंधाऱ्या बोळात, हे प्रश्न घेऊन एका रात्री आपण दोघींनी मिळून ती वाट चालावी. त्यानंतर आपले मत आणि तिचे मत फारसे वेगळे राहणार नाही, असे मला वाटते.

प्रश्न : राहण्यायोग्य शहरांच्या क्रमवारीत आमचे शहर वरच्या स्थानी आले. अशा क्रमवारीचा परिसर निवडताना उपयोग होतो का?

उत्तर : फार थोडा. इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या संशोधन संस्थेची प्रसिद्ध क्रमवारी स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा या पाच गटांवर अख्ख्या शहराला गुण देते. परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना किती भत्ता द्यावा, हे ठरवणाऱ्या कंपन्यांना अशा मोजणीचा मोठा उपयोग होतो. आपल्या गल्लीतील ओल, पाणी किंवा शेजार तिच्यात कुठेच नसतो. परिसराच्या पातळीवरचे गुणांकनही जपून वापरावे. २००७ मध्ये सुरू झालेला वॉक स्कोअर घरापासून दुकाने, शाळा, उद्याने किती अंतरावर आहेत ते पाहून गुण देतो. पाच मिनिटांच्या आतील ठिकाणाला पूर्ण गुण मिळतात आणि तीस मिनिटांच्या पलीकडील ठिकाणाला शून्य. कल्पना चांगली आहे, पण ते उपाहारगृह चांगले आहे की नाही आणि वाटेत पदपथ तुटलेला आहे का, हे त्या गुणांवरून कळत नाही. आपली यादी आपणच करावी, आणि ती चालत जाऊन करावी.

प्रश्न : गेली अकरा वर्षे आम्ही एका शांत इमारतीत राहतो. आठ महिन्यांपूर्वी तळमजल्यावर संगीत वाजवणारे मद्यगृह सुरू झाले. दुहेरी काचा बसवल्या, जाड पडदे लावले, तरी धडधड जात नाही. घर सोडावे का?

उत्तर : आपण केलेला खर्च वाया गेला त्यामागे भौतिक कारण आहे. काचा आणि पडदे माणसांचे बोलणे व वाहनांचा वरच्या पट्टीतील आवाज रोखतात. ढोलासारखा खालचा स्वर वेगळा असतो. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ सात मीटर असते आणि तो हलक्या अडथळ्यांना जुमानत नाही. शिवाय स्पीकर भिंतीला किंवा छताला ठोकलेला असेल तर कंपने हवेतून न येता थेट बांधकामातून आपल्या खोलीत पोहोचतात. म्हणून उपाय उगमापाशीच करावा लागतो: स्पीकर बांधकामापासून रबर किंवा स्प्रिंगच्या बैठकीने वेगळे करणे, खालच्या स्वरांची पातळी यंत्राने बांधून टाकणे, आणि प्रवेशाला दोन दारांची मधली खोली करणे. यातील पहिले दोन उपाय मद्यगृह बंद न पाडता करता येतात. म्हणून मालकाशी बोलताना बंद करण्याची मागणी करू नये, या दोन उपायांची करावी.

बोलण्यापूर्वी चार आठवड्यांची नोंदवही ठेवा. तारीख, सुरू झाल्याची व थांबल्याची वेळ, आवाजाचा प्रकार आणि कोणत्या खोलीत ऐकू आला, एवढे पुरे. 'रोज त्रास होतो' या वाक्यापेक्षा अशी वही परवाना देणाऱ्या कार्यालयात अधिक उपयोगी पडते.

न्यायाच्या बाजूनेही आपले म्हणणे भक्कम आहे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये आपल्या नियोजन नियमांत असे तत्त्व स्वीकारले की, बदल जो घडवून आणतो त्याने त्या बदलाच्या परिणामांची व्यवस्था करावी. जुन्या संगीतगृहाशेजारी नवी इमारत बांधली तर ध्वनिरोधाचा खर्च बांधणाऱ्याचा. हाच न्याय उलट लावला तर जुन्या घरांखाली नवे मद्यगृह आले तेव्हा तो खर्च मद्यगृहाचा. आपल्याकडील कायदा याच शब्दांत असेल असे नाही, परंतु हा युक्तिवाद मांडायला हरकत नाही. अनेक शहरांनी असे वाद सोडवण्यासाठी स्वतंत्र पदे निर्माण केली आहेत. ॲम्स्टरडॅममध्ये मिरिक मिलान यांनी 'रात्रीचे महापौर' म्हणून रहिवासी, व्यावसायिक आणि पालिका यांच्यात दुवा साधला; लंडनने २०१६ मध्ये असे पद नेमले आणि न्यूयॉर्कने २०१७ मध्ये यासाठी कार्यालय उभारले.

केवळ बंदीने हा प्रश्न सुटत नाही. ऑस्ट्रेलियातील सिडनीत राज्य सरकारने २०१४ मध्ये शहराच्या मध्यभागात आणि किंग्ज क्रॉस भागात मध्यरात्रीनंतर दीड वाजता नवे प्रवेश आणि तीन वाजता मद्यविक्री बंद केली. हिंसाचाराला आळा घालण्यासाठी उचललेल्या या पावलाने त्या भागांतील रात्रीचे व्यवसाय मोठ्या प्रमाणात मिटले, आणि पुढे मध्यभागातील निर्बंध २०२० मध्ये व किंग्ज क्रॉसमधील २०२१ मध्ये उठवावे लागले. रात्रजीवन हवे असणारे आणि झोप हवी असणारे, दोघेही त्याच शहराचे नागरिक आहेत. आपण वही ठेवा, दोन उपायांची मागणी लेखी करा आणि तीन महिने वाट पाहा. तरीही काही हलले नाही तर घर बदलण्यात पराभव मानू नका. झोपेवाचून काढलेली वर्षे परत मिळत नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघे सत्तरीकडे झुकलो आहोत. उपनगरातील मोठे घर विकून शहराच्या मध्यभागी लहान घर घ्यावे असे मनात आहे. मुले म्हणतात की या वयात गजबज कशाला? आम्हाला मात्र माणसांत राहायचे आहे.

उत्तर : आपली इच्छा मला पूर्ण पटते. घर आणि कामाची जागा यांच्याखेरीज माणसाला सहज जाऊन बसता येईल अशी तिसरी जागा लागते, हे समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये मांडले. निवृत्तीनंतर या तीन जागांपैकी कामाची जागा जाते, आणि ज्या उपनगरात वाहनाशिवाय कुठे जाता येत नाही तिथे तिसरी जागा मुळातच नसते.

आपल्यासाठी तुलनेची वेळ मात्र वेगळी आहे. रात्रीच्या गजबजीपेक्षा दुपारी तीन वाजता तिथे काय उघडे असते, हे पाहा. अर्धा तास बसलात तरी कोणी उठवणार नाही अशी जागा, पायऱ्या नसलेले दार, हळू आवाजात बोलता येईल असे उपाहारगृह आणि वाटेत टेकायला बाक, या गोष्टी आपल्या यादीत वर असाव्यात. हिरवाईसाठी शहरी झाडांचे अभ्यासक सेसिल कोनायनेंडाइक यांनी २०२१ मध्ये सुचवलेला एक सोपा नियम हाताशी ठेवा: घरातून तीन झाडे दिसावीत, परिसराचा तीस टक्के भाग झाडांच्या सावलीखाली असावा आणि तीनशे मीटरच्या आत उद्यान असावे. दाट वस्तीत तिन्ही अटी पुऱ्या होणे कठीण असते. त्यातही झाडे दिसणारी खिडकी आणि चालत गाठता येणारे उद्यान यांवर तडजोड करू नका, कारण ज्या दिवशी बाहेर पडवणार नाही त्या दिवशी ती खिडकीच आपला परिसर असेल.

लिफ्ट एकच असेल तर ती बंद पडल्यास किती दिवसांत दुरुस्त होते, हे इमारतीतील दुसऱ्या वयस्कर रहिवाशाला विचारा, विक्रेत्याला नको. आणि उपनगरातील घर विकण्याची घाई करू नका. ते वर्षभर भाड्याने द्या, त्या भाड्यातून मध्यभागात, शक्यतो बाजाराच्या रस्त्याला लागून असलेल्या आतल्या गल्लीत, भाड्याचेच घर घ्या आणि एक पावसाळा व एक सणासुदीचा महिना तिथे काढून पाहा.